बोटांवरची म्हातारी

या क्षणी माझ्यासमोरच्या टेबलावर एक म्हातारी पडलेली आहे. तिची उंची पुरती एक फूटही नाही. कागदाच्या लगद्याचे डोके, त्यावर चिखलीच्या शिवारातल्या कापसाचे पांढरे केस, काजळाने रेखलेले डोळे, आणि अंगात एका खऱ्याखुऱ्या आजीच्या जुन्या लुगड्यातून बेतलेला झगा. नाकाचा शेंडा उंदराने कुरतडला आहे. अशी उताणी पडलेली ही म्हातारी पाहून कोणीही म्हणेल, की ही चिंधी आता टाकून द्यावी. पण झग्याखालून हात घातला, पहिले बोट डोक्यात, अंगठा एका बाहीत आणि मधले बोट दुसऱ्या बाहीत सरकवले, की म्हातारी उठून बसते. कमरेत वाकते, कपाळाला हात लावते, मान वळवून तुमच्याकडे पाहते.

आकाशवाणीवरून बाहुलीविषयी बोलण्यात एक अडचण आहे. जिची सारी गंमत पाहण्यात, ती तुम्हांला दाखवता येत नाही. पण मला आज सांगायचे आहे ते तिच्या दिसण्यापेक्षा तिच्या बोलण्याविषयी. ती कशी बोलू लागली, मध्येच मुकी कशी झाली, आणि ते पातक कोणाचे, एवढीच ही हकिकत आहे. खेड्यापाड्यांतील शिक्षक बंधुभगिनींना तिचा काही उपयोग व्हावा, अशी इच्छा आहे.

आधी या बाहुलीची जात सांगतो. आपल्या देशात खेळवायच्या बाहुल्यांचे ढोबळमानाने चार प्रकार मानतात. दोरीवर नाचणाऱ्या, काठीवर चालणाऱ्या, पडद्यावर सावली पाडणाऱ्या, आणि चौथ्या हातात घालायच्या. राजस्थानातली कठपुतळी आपल्या परिचयाची, ती दोरीवरची. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी हे तिन्ही खेळ जतन केले. त्यांतले एक कलावंत परशुराम गंगावणे यांनी तर आपल्या गोठ्याचेच कलादालन केले, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बाहुलीचा खेळ मराठी माणसाला नवा नाही. ज्ञानेश्वरीत लाकडी बाहुलीसाठी ‘साइखडे’ असा शब्द येतो. दोरी हलवणारा कोण आणि हलणारे कोण, हे समजावताना संतांना बाहुलीइतका सोपा दाखला दुसरा कुठला मिळणार?

हातात घालायची बाहुली मात्र त्या मानाने आपल्याकडे कमी. ती आहे केरळात, पालघाटच्या बाजूला. तिला तिथे ‘पावकथकळी’ म्हणतात आणि तिचा साज थेट कथकळीच्या नटासारखा असतो. ती आहे ओडिशात. तिथला खेळिया एका हाताने ढोलक वाजवतो आणि दुसऱ्या हाताने बाहुली नाचवतो. ती आहे उत्तर प्रदेशात. तिथे गुलाबो आणि सिताबो या दोघी कचाकचा भांडतात आणि गाव हसते. आपल्याकडे बोलक्या बाहुल्यांचा खेळ म्हटला की लोकांना यशवंत केशव पाध्ये यांचे अर्धवटराव आठवतात आणि पुढच्या पिढीला रामदास पाध्ये यांचा १९९३ च्या ‘झपाटलेला’ चित्रपटातला तात्या विंचू. पण अर्धवटराव मांडीवर बसतात, त्यांचे ओठ हलतात, आणि त्यांना बोलते करायला शब्दभ्रमाची विद्या लागते. हातबाहुलीला यांतले काही लागत नाही. तिचे तोंड हलत नाही, डोळे मिटत नाहीत. तिला लागतात तीन बोटे आणि एक आवाज. म्हणूनच ती मुलांची बाहुली आहे.

आता आमच्या म्हातारीकडे वळतो. सातआठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर चिखली तालुक्यातल्या एका खेड्यात होते. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री करमणूक, असा नेहमीचा क्रम. मी मराठीचा प्राध्यापक. तेव्हा करमणुकीची जबाबदारी माझ्याकडे. मनात आले, दरवर्षी आपलीच मुले नाचतात आणि गाव बघते. या खेपेला गावातल्या शाळेच्या मुलांकडून काही करून घ्यावे. मुंबईत १९५९ साली सुधा करमरकरांनी लिटल थिएटर काढून ‘मधुमंजिरी’ हे रत्नाकर मतकरींचे नाटक रंगमंचावर आणले, तेव्हापासून मराठी बालरंगभूमी मोठी झाली. पण त्या रंगभूमीला पडदा, दिवे, पोशाख, तालमीची जागा, सारे लागते. आमच्याजवळ होती शाळेची ओसरी आणि हातात सात दिवस. बाहुलीनाट्य एवढेच जमण्यासारखे होते. गोष्ट निवडली ती घरोघरी ठाऊक असलेली, भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची. पात्रे चार: म्हातारी, लेक, वाघ आणि कोल्हा.

डोकी करण्यासाठी मी पुस्तकात वाचून ठेवले होते त्याप्रमाणे रद्दी भिजत घातली. दुसऱ्या दिवशी मुलांसह ती चुरायला बसलो, तर गोळा काही मिळून येईना. शाळेशेजारच्या घरातली एक आजी कुंपणापलीकडून बराच वेळ पाहत होती. शेवटी तिला राहवले नाही.

“मास्तर, थे माह्याकडं द्या. कागद कुटाचं काम हाय थे, तुमच्यानं नाही व्हत.”

आणि मग आम्हा सर्वांना, माझ्यासकट, त्या आजीने शिकवले. तिच्या पिढीतल्या बायका बांबूच्या जुन्या टोपल्यांना कागदाचा लगदा लिंपून त्या नव्या करीत असत. तीच विद्या इथे कामाला आली. शिक्षकांसाठी ती सांगून ठेवतो. रद्दीचे बारीक तुकडे करून दोन दिवस पाण्यात भिजत ठेवावेत, मग पाणी पिळून उखळात कुटावेत. रात्रभर भिजवलेल्या मेथ्या पाट्यावर वाटून त्यात मिसळाव्यात. त्याने लगद्याला चिकटपणा येतो आणि कसर सहसा लागत नाही. वरून थोडी कणकेची खळ घालावी. बाजारात मिळणारा मोरचूद कोणी खळीत घालायला सुचवील, तर मुलांच्या हाताशी ते विष नको, मेथ्या पुरतात. जुन्या पोस्टकार्डाची किंवा जाड कागदाची बोटाच्या जाडीची नळी करावी, तिच्या टोकाला कागदाचा बोळा दोऱ्याने बांधावा आणि त्यावर लगदा थापून नाक, हनुवटी, कपाळ काढावे. ही नळी म्हणजे बाहुलीची मान. ती सरळ उभी बसवू नका, किंचित पुढे झुकलेली ठेवा. नाहीतर बाहुली सारा वेळ आढ्याकडे पाहत राहते, आणि समोर बसलेल्या मुलांना वाटते की ही आपल्याशी बोलतच नाही.

डोकी आधी सावलीत, मग उन्हात वाळवली. जानेवारीचे ऊन कोवळे, त्यामुळे तीन दिवस लागले. तोवर मुलांनी बोटांवर बटाटे खोचून तालीम केली. रंगासाठी खडूची पूड, गेरू, हळद आणि काजळ. वाघाच्या पट्ट्यांना चुलीतला कोळसा. आणि म्हातारीला लुगडे हवे म्हटल्यावर त्या आजीनेच पेटीतून एक विरलेले लुगडे काढून त्याचा तुकडा फाडून दिला. मुलांनी केसांसाठी कापूस आणला. पैशाने विकत घेतलेली वस्तू त्या बाहुलीत एकच होती, ती म्हणजे सुई-दोरा.

तिकडे पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला हेच करून दाखवले होते. परदेशातली महागडी शैक्षणिक साधने बाजूला ठेवून त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने यांवर मुलांची शाळा उभी केली. हे मी वर्गात अनेकदा सांगितले होते. पण गावातल्या वस्तूंनी साधन घडवता येते, इथपर्यंतच माझी मजल होती. गावातल्या शब्दांनीही ते घडते, हे कळायला पुढचे दोन दिवस जावे लागले.

ती गोष्ट अशी. म्हातारीचे काम कोणाला द्यावे असा प्रश्न आला, तेव्हा वर्गशिक्षकांनी हुशार मुलींची नावे सुचवली. पण बटाट्याच्या तालमीत एक मुलगा माझ्या डोळ्यांत भरला होता. त्याचे नाव इथे सांगत नाही. सहावीतला, अंगाने किरकोळ. गुरुजी म्हणाले, “सर, याला नका घेऊ. हा वर्गात तोंड उघडत नाही. नाव विचारलं तरी खाली पाहतो.” मलाही तसेच दिसले होते. पण बोटावर बटाटा चढला आणि समोर चादर आली, की हाच मुलगा बोलत होता. लगदा कुटायला शिकवणाऱ्या त्या आजीचा हा नातू, हे मला मागाहून कळले. आजीचा तो पुढे वाकून बोलण्याचा ढंग, वाक्याच्या शेवटी हात झटकण्याची लकब, हे सारे त्याच्या तीन बोटांत उतरले होते.

संवाद आम्ही लिहून दिले नव्हते. प्रसंग सांगायचा आणि मुलांनी बोलायचे. वाघ आडवा आला तेव्हा त्याची म्हातारी म्हणाली,

“काहून खातं रे मले? माह्या अंगात हाडंच हायेत निरी. चार दिस लेकीच्या हातचं खाऊन येऊ दे, मंग पाह्यजो!”

मुले खदखदून हसली. मीही हसलो. आणि मग, श्रोते हो, माझ्यातला मराठीचा एम. ए. जागा झाला. शेवटच्या रात्री शिबिराला पाहुणे येणार होते. त्यांच्यापुढे शाळेच्या मुलांनी अशुद्ध बोलावे, हे मला बरे वाटेना. मी म्हटले, “छान. पण ‘काहून’ नाही, ‘का’ म्हण. ‘मले’ नाही, ‘मला’. ‘माह्या’ नाही, ‘माझ्या’. पुन्हा एकदा.”

त्याने मान हलवली. पुन्हा प्रसंग सुरू झाला. चादरीवर म्हातारी आली, वाघापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “वाघोबा, तू मला का खातोस? माझ्या अंगात फक्त हाडे आहेत.”

वाक्य बिनचूक होते. पण म्हातारीचे हात हलले नाहीत. कंबर वाकली नाही. डोके काठीवर बसवल्यासारखे ताठ. दोन वाक्यांनंतर ती थांबली, आणि चादरीमागून काहीच ऐकू येईना. मी पलीकडे जाऊन पाहिले, तर मुलगा बाहुली मांडीवर ठेवून खाली बघत बसला होता. “काय झाले?” म्हणून विचारले, तर उत्तर नाही. वर्गात जसा असायचा, तसा तो पुन्हा झाला होता.

दुसऱ्या दिवशीही तेच. शब्द आठवायचे तर हात विसरायचा, हात हलवायचा तर शब्द अडायचे. मला वाटले, भूमिका बदलावी. संध्याकाळी गुरुजींशी तसे बोललोही.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा जे डोक्यात आले ते इथे प्रांजळपणे सांगतो. मी गेली कित्येक वर्षे वर्गात लीळाचरित्र शिकवतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ते आपल्या वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध केले; त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. आमचे मेहकर आणि लोणार ही ठिकाणे त्या ग्रंथात येतात. लोक जसे बोलत तसे बोलणे त्यात टिपलेले आहे, म्हणून आपण त्याला मराठी गद्याचे भूषण मानतो. याच पंथाच्या स्मृतिस्थळात एक प्रसंग आहे. केशोबासांच्या मनात संस्कृतात ग्रंथरचना करावी असे होते. नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. त्यांचे कारण असे, की संस्कृतात लिहिले तर आपल्या साध्या म्हाताऱ्या त्याला मुकतील. हा प्रसंग मी दरवर्षी मोठ्या अभिमानाने सांगतो, विद्यार्थी तो परीक्षेत लिहितात आणि मी त्यांना गुण देतो. आणि इथे एका म्हातारीला तिचे स्वतःचे बोलणे मीच नाकारले होते. सातशे वर्षांपूर्वीचे बोलीतले बोलणे ते साहित्य, आणि सहावीतल्या मुलाच्या तोंडचे ते अशुद्ध, हा न्याय मला त्या रात्री तरी पटवता येईना.

बाहुली हातात असताना मूल का बोलते, याचा जाणत्यांनी विचार केलेला आहे. १९३६ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात लॉरेटा बेंडर आणि अॅडॉल्फ वोल्टमन यांनी अडचणीत सापडलेल्या मुलांपुढे हातबाहुल्यांचे खेळ करून पाहिले आणि त्याची नोंद प्रसिद्ध केली. जी मुले डॉक्टरांशी मोकळेपणी बोलत नसत, ती बाहुलीशी बोलत. कारण समजायला कठीण नाही. चूक झाली तर ती बाहुलीची होते. लोक पाहतात ते बाहुलीकडे. आपला चेहरा चादरीमागे असतो. लाजऱ्या मुलाला हा आडोसा फार मोठा. पण हा आडोसा तेव्हाच कामाचा, जेव्हा त्याच्यामागे मूल आपल्या घरच्या भाषेत असते. शब्द परके झाले, की मूल पुन्हा उघड्यावर येते. त्याला पुन्हा कोणीतरी तपासत असते.

बाहुलीच्या खेळाने जगात इतरत्रही लोकांच्या बोलीला असाच आसरा दिला. फ्रान्समध्ये लिआँ हे रेशमाच्या विणकरांचे शहर. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लोराँ मुर्गे नावाच्या माणसाने गिन्योल ही हातबाहुली केली. मुर्गे विणकरांतला, काम बसले तेव्हा तो बाजारात दात उपटण्याचा धंदा करू लागला, आणि गिऱ्हाइकांना रमवायला बाहुली नाचवू लागला. हा गिन्योल पॅरिसची पुस्तकी भाषा बोलत नाही, विणकरांची बोली बोलतो. दोनशे वर्षे झाली, तो अजून खेळतो आहे. चेक लोकांच्या देशात दरबारी कारभाराची भाषा जर्मन होती. तेव्हा मात्येय कोपेत्स्की यांच्यासारखे बाहुलीवाले गावोगाव हिंडून चेक भाषेत खेळ करीत. त्या कलेला २०१६ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

आता आमचा शेवटचा दिवस. सकाळी मी त्या मुलाला बाजूला घेतले आणि म्हटले, “हे बघ, चूक माझी झाली. म्हातारी तुझी आहे. ती कशी बोलते ते तुला ठाऊक, मला नाही.” त्याने माझ्याकडे पाहिले. विश्वास बसला असे काही दिसले नाही. “म्हंजे, ‘मले’ म्हनू?” मी म्हटले, “म्हण.”

रात्री शाळेच्या ओसरीवर दोन बाकांच्या मध्ये एक बाज आडवी उभी केली, तिच्यावर सतरंजी टाकली, बाजूला एक दिवा. हेच आमचे नाट्यगृह. समोर पटांगणात सारे गाव बसलेले. पाहुणे पुढे खुर्च्यांवर. म्हातारी वर आली, तिने पदर सारखा केला, गर्दीवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, की पाय तर चालत नाहीत, पण लेकीचे तोंड पाहिल्याला दोन वर्षे झाली. हे वाक्य तालमीत नव्हते. बायकांच्या बाजूची कुजबूज थांबली.

म्हातारी रानाच्या वाटेला लागली, तेव्हा त्याच बाजूने एक आवाज आला,

“अवं माय, नको जाऊ त्या वाटेनं! वाघ हाय तथी!”

तालमीत कोणी मध्ये बोलत नव्हते, तेव्हा मला वाटले, आता हा गडबडणार. पण म्हातारी थांबली. सावकाश वळली. आवाजाच्या दिशेने पाहिले आणि कपाळाला हात लावून म्हणाली,

“नाही जावं, तं लेक कशी भेटंन वं?”

क्षणभर कोणी हसले नाही. मग एकदम हशा उसळला, पण त्यात काही बायका पदराने डोळे टिपत होत्या हेही मी पाहिले. त्या पटांगणातल्या प्रत्येक बाईची लेक कुठल्या तरी गावाला दिलेली होती, आणि प्रत्येक बाई कोणाची तरी लेक होती. पाठ करून घेतलेले कुठलेही शुद्ध वाक्य त्या प्रश्नाला पुरे पडले नसते. खेळ पंधरा मिनिटांचा ठरला होता, तो पाऊण तास चालला. कारण पुढे गाव म्हातारीशी बोलत राहिले आणि म्हातारी उत्तरे देत राहिली. वाघ झालेल्या मुलाचा हात भरून आला, त्याने मध्येच हात बदलला. कोणाच्या ते ध्यानातही आले नाही. पाहुण्यांनी भाषणात म्हातारीचेच कौतुक केले. शुद्ध-अशुद्धाचा विषय कोणी काढला नाही. तो फक्त माझ्याच मनात होता.

इथे कोणी विचारील, की मग प्रमाण भाषा शिकवायची नाही काय? तसे माझे म्हणणे नाही. अर्ज करायचा, निकालपत्र वाचायचे, दूरच्या माणसाला लिहायचे, तर सर्वांना समान अशी भाषा लागतेच, आणि ती खेड्यातल्या मुलाच्या हाती पक्की दिली पाहिजे. नाहीतर पुढे तोच मागे राहतो. प्रश्न एवढाच, की कोणते काम आधी. मूल बोलतच नसेल तर सुधारणार काय? त्या खेळानंतर महिन्याभराने मी शाळेत गेलो होतो. गुरुजींनी मुलांकडून खेळाची हकिकत लिहून घेतली होती. त्या मुलाने अर्धे पान लिहिले होते, आणि लिहिताना आपण होऊन विचारले होते, “सर, ‘काहून’ पुस्तकात कसं लिहितेत?” गुरुजी म्हणाले, त्याने वर्षात विचारलेला हा पहिला प्रश्न. तो काही एका रात्रीत वक्ता झाला नाही. अजून तो कमीच बोलतो. पण नाव विचारले तर आता वर पाहून सांगतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळेत हे करायचे असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. एक, बाहुली मुलांनीच करावी. विकतची आणू नये. जिचे नाक आपण थापले, तिला आवाजही आपणच देतो. ओबडधोबड झाली तर होऊ द्या. तिचा चेहरा हलत नाही, म्हणूनच पाहणारा तिच्यावर हसू किंवा रडू आपल्या मनाने चढवतो. दोन, बोलणारी बाहुली तेवढी हलावी, दुसरीने तिच्याकडे पाहत स्तब्ध राहावे. नाहीतर कोण बोलते ते कळत नाही. तीन, लहान मुलाचा वर धरलेला हात पाच-सात मिनिटांत दुखू लागतो. प्रवेश छोटे ठेवा आणि दोन मुलांना एक बाहुली वाटून द्या. चार, बाहुलीच्या तोंडी उपदेश घालू नका. हात धुवा, झाडे लावा, हे सांगायला बाहुली आणली की मुले ओळखतात, की हे गुरुजीच झगा घालून आले आहेत.

ज्यांना रीतसर शिकायचे असेल त्यांच्यासाठी १९७९ साली स्थापन झालेले सांस्कृतिक स्रोत एवं प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, आहे. दिल्लीची ही संस्था शिक्षणातील बाहुलीकला या विषयावर शिक्षकांसाठी कार्यशाळा घेत आली आहे. पण तिथे जायला मिळेपर्यंत थांबून राहण्याचे कारण नाही. चैत्रात आमच्या चिखलीला रेणुकादेवीची यात्रा भरते. त्या यात्रेत शंभर रुपयांना जे प्लॅस्टिकचे खेळणे मिळते, ते दोन दिवसांत मोडते. त्याच्या दहाव्या हिश्श्यात, घरच्या रद्दीत, एक सबंध नाटक उभे राहते. आणि ज्याच्या-त्याच्या हातात फोन आला, मुले तासन्‌तास दुसऱ्याचे बोलणे ऐकत बसतात, अशी आपण तक्रार करतो. मग त्यांना स्वतः बोलण्याची एखादी जागा करून देणे हेही आपल्याकडेच येते.

शिबिर संपताना त्या मुलाने ही बाहुली माझ्या हातात दिली. मी म्हटले, “तुझ्याकडे राहू दे.” तर म्हणाला, “सर, मी दुसरी करतो. कागद कुटाले आजी हाय नं.” तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. प्रमाण मराठीच्या पहिल्या तासाला मी तिला वर्गात नेतो. ही हकिकत सांगतो, आणि मगच खडू हातात घेतो.

तुमच्या गावातही कागद कुटणारी एखादी आजी असेल. रद्दी कुठे भिजवायची, मेथ्या किती घालायच्या, ते तिलाच विचारा. आणि वर्गात जो मुलगा किंवा मुलगी नाव विचारले तर खाली पाहते, म्हातारीचे काम तिला द्या.